उष्टावणाच्या उंबरठ्यावर : सहा महिन्यांच्या बाळाविषयी

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल म्हटला म्हणजे त्यात प्रामुख्याने आजारांचा हिशेब असतो. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती शिबिरे झाली, याची कोष्टके विश्वस्त मंडळास व देणगीदारांस सादर करणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु या कोष्टकांत सहसा न उतरणारी एक छोटी व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे आजारी नसलेले सहा महिन्यांचे बाळ. ते रुग्णालयात येत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. नोंद होत नाही, म्हणून त्याच्याविषयी विचारही फारसा होत नाही. यंदाच्या अहवालातील ही पाने आम्ही मुद्दाम त्याच्यासाठी राखून ठेवली आहेत.

याला कारण आहे. आपल्या घरातील माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहावे. शासकीय लसीकरण कार्यक्रमानुसार बाळाला जन्मतः, नंतर ६, १० व १४ आठवड्यांनी लसी दिल्या जातात. त्यानंतरची तारीख येते ती थेट ९ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीची. मधल्या जवळपास पावणेसहा महिन्यांत निरोगी बाळाला दवाखान्याची पायरी चढण्याचे काही निमित्तच उरत नाही. काही खाजगी दवाखान्यांत सहा महिन्यांच्या सुमारास आणखी लसी सुचविल्या जातात. पण त्या सर्वांना परवडतातच असे नाही. आणि नेमक्या याच काळात बाळाच्या अंगी इतके बदल घडतात, की त्याच्या पुढील आयुष्याचा पाया कसा बसत आहे हे जाणत्या नजरेला बरेचसे ओळखता येते. पाहण्याजोगे पुष्कळ असते. पाहणारे मात्र कोणी नसते.

एक प्रसंग

ओळख पटू नये इतपत तपशील वगळून एक प्रसंग सांगतो. तापी काठच्या एका गावातील कुटुंब नऊ महिन्यांच्या मुलीला गोवराच्या लसीसाठी घेऊन आले होते. मुलगी अंगाने चांगली, हसतमुख. आई कौतुकाने म्हणाली, “फार गुणाची आहे. घरात कितीही गलका असो, झोपमोड होत नाही.” सोबत आलेल्या आजीबाईंचा चेहरा मात्र गंभीर होता. ताटली पडली तरी नात दचकत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, हे त्यांच्या ध्यानात तीन महिन्यांपूर्वीच आले होते. घरातल्यांनी “आणखी लहान आहे, होईल हळूहळू” असे सांगून त्यांना गप्प केले होते.

तपासणीत मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नसल्याचे निष्पन्न झाले. पुढील उपचार सुरू झाले आणि ते उपयोगीही पडत आहेत. पण जन्मजात बहिरेपण असलेल्या बाळांच्या बाबतीत जगभरातील तज्ज्ञांनी एक साधे सूत्र मान्य केले आहे : पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ. ज्या मुलांना सहा महिन्यांच्या आत मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरा मदत मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली विकसित होते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. आजीबाईंनी अचूक वेळी अचूक गोष्ट हेरली होती. कमतरता होती ती त्यांचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या एका जागेची. त्या तीन महिन्यांत मुलगी खोकल्यासाठी एकदा आमच्याकडेही येऊन गेली होती आणि खोकल्याचे औषध देऊन आम्ही तिला परत पाठविले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

मधल्या महिन्यांत काय घडते?

पहिल्या वर्षात मेंदूचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्मवजनाच्या दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमापनानुसार सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाचे मध्यम वजन ७.९ किलो व मुलीचे ७.३ किलो असते, तर डोक्याचा घेर अनुक्रमे सुमारे ४३ व ४२ सेंटिमीटर असतो. परंतु वजनकाटा व टेप यांच्या पलीकडे घडणारे बदल अधिक विलक्षण आहेत.

पहिला बदल हातांचा. नवजात बाळाच्या तळहाताला बोट लावले की मूठ आपोआप मिटते; त्यात बाळाची इच्छा नसते. आवाजाने दचकून दोन्ही हात फाकविणे ही क्रियाही तशीच आपोआप होते. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान या जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया मावळतात आणि त्यांची जागा हेतुपूर्वक हालचाल घेते. बाळ खुळखुळ्याकडे हात नेते, तो पकडते, तोंडात घालते आणि सहाव्या महिन्याच्या आसपास एका हातातून दुसऱ्या हातात घेते. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. वास्तविक मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींशी सहकार्य करू लागल्याची ती पावती असते.

दुसरा बदल कण्याचा. मान तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धरली जाते. मग बाळ कुशीवर व पालथे होते, दोन्ही हात पुढे टेकवून बेडकासारखे बसते आणि पुढे आधाराविना बसू लागते. बसणे ही केवळ शरीराची प्रगती नव्हे. बसलेल्या बाळाचे दोन्ही हात मोकळे होतात, नजर उंचावते, घरातील माणसे समोरासमोर दिसू लागतात. त्याचे जगच आडव्याचे उभे होते.

तिसरा बदल कानांचा व वाणीचा. हुंकार देणारे बाळ ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’ अशी अक्षरांची माळ ओवू लागते. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते. मात्र ही अक्षरांची माळ त्याच्याकडून वेळेवर येत नाही. म्हणून ‘आवाज काढते, म्हणजे कान चांगले आहेत’ हा समज फसवा ठरतो. आपल्या भाषेशी निगडित एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली कॅनडातून प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ यांतील भेद ओळखता येतो असे आढळले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना तो भेद कळणे अवघड जात होते. दहा ते बारा महिन्यांपर्यंत त्याच घरांतील बाळांची ही क्षमता ओसरलेली दिसली, कारण तो भेद त्यांच्या कानांवर पडत नव्हता. म्हणजेच सहा महिन्यांचे बाळ जगातील बहुतेक भाषांसाठी कान उघडे ठेवून असते आणि वर्षाअखेरीपर्यंत ज्या घरात वाढते त्या घराच्या भाषेत रुजू लागते.

चौथा बदल मनाचा. आईने पदराआड तोंड लपविले तरी आई तेथेच आहे, हे बाळाला हळूहळू उमजू लागते. म्हणूनच पदराआड लपण्याचा खेळ या वयात त्याला विशेष रंगवितो. आपले व परके यांतील भेद कळू लागल्याने सात-आठ महिन्यांचे बाळ पाहुण्यांना पाहून रडू लागते. हा हट्टीपणा नसून समज वाढल्याचे लक्षण आहे. अशा वेळी बाळाला जबरदस्तीने पाहुण्यांच्या हाती देऊ नये.

शेजारचे बाळ आणि आपले बाळ

पालकांच्या बहुतेक चिंता तुलनेतून उद्भवतात. शेजारचे बाळ सहाव्या महिन्यात बसले, आमचे अद्याप नाही. मग काही दोष असेल का? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांत निरोगी बालकांच्या वाढीचा मोठा अभ्यास केला. भारतातील केंद्र दक्षिण दिल्लीत होते. यांपैकी ब्राझील वगळता पाच देशांत हालचालींच्या टप्प्यांचीही नोंद झाली व निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार निरोगी बाळे आधाराविना बसू लागण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतंत्रपणे चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आढळला. शंभरांतील सुमारे चार निरोगी बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

या आकड्यांतून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा, की थोडे मागेपुढे होणे हा दोष नव्हे. दुसरा असा, की या चौकटीला शेवट आहे. ‘होईल हळूहळू’ या वाक्यालाही मुदत असावी लागते. तसेच कमी दिवसांच्या बाळाचे वय मोजताना ते जितके आठवडे लवकर जन्मले, तितके वजा करावयाचे असतात. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळाइतक्याच अपेक्षा ठेवाव्यात. लसी व वरचे अन्न सुरू करण्याची वेळ मात्र आपल्या मनाने न ठरविता डॉक्टरांना विचारून ठरवावी.

बाळांचा विकास मोजण्याच्या कामी मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, याचा आम्हास अभिमान वाटतो. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भारतीय बाळांचा दीर्घकाळ अभ्यास करून आपल्याकडील बाळांसाठी मोजपट्टी तयार केली. ‘डासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोजपट्टीची सुधारित आवृत्ती १९९७ साली निघाली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तीत हालचालींच्या ६७ व आकलनाच्या १६३ कसोट्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. अशा मुलांची बुद्धिमत्ता सरासरीने काहीशी कमी असली तरी सर्वसाधारण मर्यादेत राहिली, आणि दिवस कमी भरलेल्या व त्याखेरीज गर्भातच वाढ खुंटलेल्या मुलांना अधिक लक्ष पुरविण्याची गरज दिसली. कमी वजनाच्या बाळाविषयी निराश होऊ नये आणि निश्चिंतही राहू नये, हे यातून शिकावयाचे.

उष्टावण : प्रथा आणि तिच्यामागील शहाणपण

आपल्या पूर्वजांनी बाळाच्या पहिल्या घासाचा सोहळा केला, तो याच वयात. आजचे विज्ञानही तेच सांगते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, आणि त्यानंतर दुधासोबत वरचे अन्न, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००१ सालापासूनची शिफारस आहे. प्रथेतील एकदोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्या लागतात.

‘सहावा महिना लागला’ आणि ‘सहा महिने पूर्ण झाले’ यांत एका महिन्याचे अंतर आहे. सहावा महिना लागतो तेव्हा बाळाचे पाचच महिने पूर्ण झालेले असतात. म्हणून महिने न मोजता १८० दिवस मोजावेत. मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात, अशी रीत अनेक घरांत पाळली जाते. त्यामुळे मुलीला एक तर पाचव्या महिन्यात लवकर अन्न मिळते किंवा सातव्या महिन्यापर्यंत थांबावे लागते. समारंभाचा दिवस घराने आपल्या रीतीने खुशाल ठरवावा. पोटाला मात्र मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नाही. १८० दिवसांनंतर दोघांचाही घास सुरू झाला पाहिजे.

खानदेशातील उन्हाळ्याविषयी येथे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ‘बाळाचा घसा कोरडा पडेल’ या काळजीने दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही पाणी पाजले जाते. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. कडक उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नाही. ते अधिक वेळा अंगावर पाजावे आणि पाणी आईने भरपूर प्यावे. मध मिसळलेली गुटी एक वर्षापर्यंत कटाक्षाने टाळावी.

सहा महिन्यांनंतर अन्न का हवे, तर प्रामुख्याने लोहासाठी. गर्भात असताना आई बाळासोबत लोहाची शिदोरी बांधून देते. ती चार ते सहा महिन्यांत संपत येते आणि दुधात लोह अल्प असते. कमी वजनाच्या बाळाची शिदोरी मुळातच लहान असते. रक्त तयार होण्यासाठी लोह लागते तसे वाढत्या मेंदूलाही ते लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत घट्ट वा अर्धघट्ट अन्न मिळणारी बाळे ४५.९ टक्केच होती. म्हणजे घासाची वेळ होऊनही निम्म्याहून अधिक बाळे घासावाचून होती.

हा घास महाग नसतो. आपल्या भागातील केळे कुस्करून, गंगाफळ वाफवून, मुगाचे वरण घट्ट घोटून, ज्वारीची वा साक्रीकडे पिकणाऱ्या नागलीची पेज दाट शिजवून देता येते. चमचा तिरका केला तरी सहज सांडणार नाही इतके अन्न घट्ट असावे. वरणाच्या वरच्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी, इथपर्यंत हळूहळू जावे. त्यात चमचाभर तूप वा तेल घालावे. खाणाऱ्या घरांनी अंडे व कलेजी याच वयात सुरू करण्यास हरकत नाही. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालू नये. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो. अख्खा दाणा, फुटाणा मात्र घशात अडकून जीव जाऊ शकतो. सहा महिन्यांपासून अंगणवाडीतून घरपोच आहार मिळण्याचा बाळाला हक्क आहे, तसेच आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर लोहयुक्त औषधही शासकीय कार्यक्रमांतर्गत मिळते. ते आशाताईंकडे आवर्जून मागावे.

शाकाहारी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता पोषण अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. आईकडेच नसेल तर ते दुधातून बाळाला कोठून मिळणार? अशी काही बाळे सहा महिन्यांनंतर फिकी पडतात, मलूल होतात, हसणे-बोलणे विसरतात, बोटांच्या पेरांवरील कातडी काळवंडते आणि पुढे हातपाय कापू लागतात. हा आजार वेळीच ओळखला तर औषधाने सुधारतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी मातांनी दूध-दही-ताक आहारात ठेवावे व डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ घ्यावे.

या खुणा दिसल्यास थांबू नये

पुढीलपैकी काहीही आढळल्यास नऊ महिन्यांच्या लसीची वाट न पाहता बाळास बालरोगतज्ज्ञांस दाखवावे :

• चार महिने पूर्ण होऊनही मान न धरणे.
• चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या असणे. अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटणे.
• सहा महिने झाले तरी वस्तूकडे हात न नेणे, किंवा नेहमी एकच हात वापरणे. उजवा-डावा कल पहिल्या वर्षात दिसणे स्वाभाविक नाही.
• सहा महिन्यांनंतर आवाजाच्या दिशेने मान न वळविणे.
• माणसाकडे न पाहणे, न हसणे. चार महिन्यांनंतरही डोळे तिरळे दिसणे. बुबुळात पांढरी चकाकी दिसणे.
• आठ-नऊ महिन्यांपर्यंत हातांच्या टेकूनेही न बसणे.
• येत असलेली गोष्ट विसरणे. हे लक्षण कोणत्याही वयात गंभीर समजावे.

एका खुणेविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण ती हमखास चुकते. तीन ते बारा महिन्यांच्या वयात, विशेषतः चौथ्या ते सातव्या महिन्यात, काही बाळांना एका प्रकारचे झटके सुरू होतात. झोपेतून उठल्यावर बाळाची मान व हात एकदम पुढे झुकतात, क्षणात सैल पडतात आणि थोड्या थोड्या अंतराने असे अनेकदा होते. घरच्यांना वाटते, पोटात कळ येते आहे किंवा बाळ दचकते आहे. हा मेंदूचा विकार असून त्यात गेलेला प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो. अशा वेळी मोबाईलवर चित्रफीत काढून ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ज्या बाळांना जन्मतः उशिरा रडणे, साखर कमी होणे किंवा तीव्र कावीळ असा त्रास झाला होता, त्यांच्या पालकांनी विशेष सावध राहावे.

घरी काय करता येईल?

बाळाच्या विकासासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. त्याला लागते स्वच्छ जमीन, मोकळे हातपाय आणि बोलणारे माणूस. कापूस वेचणीच्या दिवसांत निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ ठेवणे ही आईची गरज असते, हे आम्ही जाणतो. झोळी झोपेसाठी असावी. जागेपणीचा काही वेळ तरी बाळ गोधडीवर, कोणाच्या तरी नजरेखाली, पालथे खेळले पाहिजे; मान, खांदे व पाठ तेथेच घडतात. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. बाजारात मिळणारे गोल चाकांचे वॉकर घेऊ नयेत. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

घरात अहिराणी बोलली जात असो, लेवा बोली असो, पावरी वा तडवी असो, बाळाशी त्याच भाषेत भरपूर बोलावे. ‘शुद्ध’ बोलता येत नाही म्हणून गप्प राहणारी आई आम्हास भेटते तेव्हा वाईट वाटते. बाळाला व्याकरण नको असते. आपल्या ‘बा-बा’ला कोणीतरी उत्तर दिले, एवढेच त्याला हवे असते. ते उत्तर मोबाईलचा पडदा देऊ शकत नाही.

आपणाकडून अपेक्षा

शासनाने या बाबतीत काही पावले उचलली आहेत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केलेल्या नवजात बाळाच्या गृह-सेवेचा देशभर स्वीकार झाला. २०१८ पासून आशाताईंनी ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांनी घरी भेट देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जन्मदोष व विकासातील विलंब शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला आणि त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. तथापि, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी वा मजुरीसाठी दिवाळीनंतर बाहेर पडतात. आषाढात जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होते ते पौषात, कुठल्या तरी फडावरील कोपीत. त्या दिवशी त्याच्या गावच्या आशाताई त्याच्यापर्यंत कशा पोहोचणार? अशा कुटुंबांनी बाळाचे कार्ड सोबत न्यावे आणि जेथे असतील तेथील आरोग्य केंद्रात बाळ दाखवावे.

पालकांस व आजी-आजोबांस आमची विनंती एकच आहे. उष्टावणाच्या आठवड्यात, बाळ पूर्णपणे निरोगी असले तरी, त्याला एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात, आपल्या डॉक्टरांकडे किंवा आमच्या बालरुग्ण विभागात आणावे. वजन, लांबी, डोक्याचा घेर, नजर, कान, हात आणि बसणे एवढ्याच गोष्टी पाहावयाच्या असतात. सोबत आजी असल्यास उत्तमच. तिला काही खटकत असेल तर ते आधी सांगावे. खोकल्यासाठी आलेल्या बाळाचीही हीच पाहणी करण्याचा शिरस्ता आम्ही स्वतःस घालून घेत आहोत.

देणगीदारांस व विश्वस्तांस हे नम्रतापूर्वक सांगावयाचे आहे, की या कामासाठी मोठे यंत्र लागत नाही. ज्यावर दात्याचे नाव कोरता येईल असे येथे फार थोडे आहे : एक सतरंजी, काही लाकडी ठोकळे, एक घंटा, लाल लोकरीचा गोंडा, आणि बाळ हसेपर्यंत थांबू शकेल असा एक प्रशिक्षित माणूस. त्या माणसाच्या वेळेचे मोल हाच खरा खर्च. त्या खर्चातून जे साधते, ते पुढील वर्षीच्या कोष्टकातही कदाचित दिसणार नाही. ते दिसेल आणखी पाच-सहा वर्षांनी, शाळेच्या पहिल्या दिवशी आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या एखाद्या मुलीच्या रूपाने.

आजवर आपण या रुग्णालयातील आजारी माणसांसाठी सढळ हाताने दिले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यापुढे, जे बाळ अद्याप आजारी नाही त्याच्यासाठीही आपला लोभ असाच राहावा, ही प्रार्थना.